राधाकिशनच्या पटावरचं पाणी

राधाकिशनची गोष्ट कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं त्याला वेड लागलं होतं, कुणी म्हणतं त्यानं यंत्रातून मेलेला बाप बोलावला. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

मी पंडित, दिंद्रुडचा. सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होतो, म्हणजे शेतांतून फिरून उसाच्या नोंदी घेणारा. राधाकिशन वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ऑपरेटर. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन टिपायचं, पावती काढायची, हे त्याचं काम. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या वर्षी आमच्याकडं ऊसच नव्हता, तर वजन कशाचं करणार? गाळप झालं नाही. तोडीची माणसं बैलं-पोरं घेऊन पश्चिमेकडं निघून गेली. आम्ही मात्र रोज जायचो, हजेरीला सही करायचो आणि बसायचो.

बंद कारखान्यासारखी भयाण जागा दुसरी नाही. एरवी तिथं शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या उन्हाळ्यात भर दुपारी आपण खोकलो तर खोकला ऊस टाकायच्या गव्हाणीकडं जाऊन परत यायचा. चिमणीवर घार बसायची. बॉयलरच्या पोटात कुत्री व्याली होती, तिची पिल्लं रडायची आणि आवाज नळ्यांतून भलतीकडूनच निघायचा. नवा माणूस दचकायचा. मीही दचकायचो, उगीच खोटं कशाला बोलू?

राधाकिशनला त्या शांततेचं काही वाटत नव्हतं. तो बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत होता. तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आसपास. लग्न झालेलं नाही, बोलणं कमी, डोळे कायम लाल. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण पट कळतो. म्हणून तो मला यंत्राशी खेळायला बसवायचा आणि यंत्र कुठं चुकतं ते बघायचा.

"काका, हे बेणं जवळचं लई बघतं," तो म्हणायचा. "समोरची मारामारी असली की तुमाला ऐकत न्हाई. पण सगळी प्यादी एकमेकाला भिडून बसली, वाट बंद झाली, की आंधळं होतं. राजाला लांबून वळसा घालून जायचं आसंल तर त्याला दिसतच न्हाई."

"कावून रं?"

"एकेक वाट चालून बघतं ना. वाटा हजार. थकतं."

मग एके दिवशी त्यानं यंत्राला चालायचं सोडायला लावलं आणि पाणी सोडायला शिकवलं. मला समजावलं ते असं. राजाच्या घरात पाणी सोडायचं. शेजारचं जे घर मोकळं आहे आणि ज्याच्यावर शत्रूचा मारा नाही, तिथं पाणी जाणार. त्या ओल्या घरांच्या शेजारी पुन्हा तसंच. असं पसरत पसरत पाणी जिथं थांबेल, तिथवर राजाची पोच. त्याच्या पुढं नाही. वाटा मोजायची कटकटच नको. पाणी काही वाट विचारत नाही, फट दिसली की शिरतं.

पडद्यावर तो राजाची पोच हळदी रंगात दाखवायचा. एक घर पिवळं व्हायचं, मग आजूबाजूची, मग त्यांच्या आजूबाजूची. प्याद्यांच्या भिंतीपाशी येऊन रंग थांबायचा. मला ते बघवायचं नाही. बाहेर घोटभर पाण्यासाठी टँकरमागं माणसं पळत होती आणि इथं हा पोरगा कोरड्या खोलीत पाणी सोडत होता.

"हे तुला सुचलं कुठून?" मी विचारलं.

"सुचलं न्हाई. बघितलंय," तो म्हणाला.

त्यानं काय बघितलं होतं ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा त्याचं गाव पाण्याखाली गेलं. गावाचं नाव सांगत नाही, वर माळावर वसलेल्या नव्या गावाचंही तेच नाव आहे. बहुतेक लोक आधीच वर गेले होते. पाण्यानं आधी गावाला वेढा घातला, मग ते वेशीतून आत शिरलं आणि गल्लीगल्लीनं पसरलं. चारपाच वर्षांचा राधाकिशन आईच्या कडेवर बसून माळावरून बघत होता. त्याचा बाप आश्रुबा मात्र खालीच राहिला. देवळाच्या पारावर पट मांडून बसला होता आणि बायकोला म्हणाला होता, "तू हो पुढं. एवढा डाव उरकून येतो."

तो आला नाही. प्रेत सापडलं नाही. लोकांनी गळ टाकले, होड्या फिरवल्या, काही हाताला लागलं नाही.

तेव्हापासून त्याची आई भिवराबाई ना धड सवाशीण ना विधवा. कपाळाला कुंकू होतं, पण हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. वटपौर्णिमेला ती वडाकडं निघाली की बाया वाट बदलायच्या. माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली की गवताचा बाहुला करून त्याला अग्नी द्यायचा, दहावा-तेरावा उरकायचा, अशी आपल्याकडं रीत आहे. आश्रुबाचा धाकटा भाऊ बबनराव, पुढारपण करणारा माणूस, तो दर पितृपक्षात वहिनीपुढं तोच विषय काढायचा. ती एकच उत्तर द्यायची. "बुडलेले मला कुनी दाखवा. मग करा."

दाखवणार कोण? नवरा मेला म्हणावं तर ती पापीण, जिवंत म्हणावं तर येडी. बाईमाणसानं असं किती वर्षं काढावं? मला अजूनही राग येतो, कुणावर ते मात्र कळत नाही.

त्या दुष्काळात धरण आटलं आणि गाव वर आलं.

बघायला झुंडी यायच्या. मीही एकदा गेलतो आणि घोटभर चहासुद्धा न पिता परत आलो. छपरं गेलेली, माती विरघळून गेलेली, दगडी भिंती कमरेएवढ्या, कुठं डोक्याएवढ्या उभ्या. गल्ल्या जशाच्या तशा. जात्याच्या तळ्या, चुलींचे दगड, उखळं, सगळं जागच्या जागी, वरून राखाडी गाळाचा भेगाळलेला थर. शिंपले इतके की चालताना कराकरा वाजत होते. गाव माणसांचं आहे की माशांचं, तेच समजेना. आणि त्या सगळ्यात एकाच घराचा उंबरा स्वच्छ झाडलेला होता. भिवराबाई रोज सकाळी माळावरून खाली यायची, आपला उंबरा झाडायची आणि दुपार होईस्तवर वेशीकडं तोंड करून बसायची. मी रामराम घातला तर म्हणाली, "बसा की. ते येतीलच." मी निघालो तो तडक दिंद्रुड गाठलं.

राधाकिशनही रोज तिथं जायचा. पण तो काठावर फिरायचा. पाणी मागं हटत होतं तसा रोज थोडा नवा भाग उघडा पडत होता, तिथं तो खुणेला लाकडी खुंट्या ठोकत होता. मला वाटलं हाही गेला कामातून. मग त्यानं मला पडदा दाखवला.

बुद्धिबळाच्या पटाची घरं वाढवून त्यानं त्यावर गाव बसवलं होतं. भिंती म्हणजे न हलणारी प्यादी. पार मध्यभागी. पारावर राजा.

"काका, जे शेवटी उघडं पडतंय ते आधी बुडालं आसनार, आन् जे आधी उघडं पडलं ते शेवटी," तो म्हणाला. "त्या हिशेबानं पानी सोडतो. एक चाल पान्याची, एक चाल राजाची."

त्यानं बटण दाबलं. निळा रंग नदीकडून निघाला. गावकुसाच्या भिंतीला वळसा घालून वेशीपाशी आला. पारावरून हळदी रंग पसरला, गल्ल्यांतून धावला, वेशीकडं गेला आणि तिथं निळ्याला भेटून थांबला. मग निळा आत शिरला. हळदी रंग मागं सरत सरत पारावर आला. शेवटी एकच घर पिवळं उरलं. खोलीत पंखा बंद होता, वीज फक्त यंत्रापुरती होती. मग तेही घर निळं झालं.

"वेस एकच," राधाकिशन म्हणाला. "मागनं गावकूस पुरुषभर उंच. पानी वेशीत आल्यावर माज्या आप्पाला वाट नव्हती. कितीबी डाव मोडून उठले आसते तरी नव्हती."

त्याच्या आवाजात दुःखापेक्षा सुटका जास्त होती. बाप बुडाला हे त्याला एकदाचं दाखवता येत होतं. त्यानं आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच "न्हाई" म्हणाली नाही. बबनरावानं लगेच जोशीबुवाला गाठून दिवस धरला. गाव पुन्हा बुडायच्या आत, त्याच पारावर, सगळं उरकायचं ठरलं.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते एका डावावरून.

त्या आठवड्यात मी यंत्राशी खेळत होतो. प्यादी गच्च भिडलेली, कुणाला वाट नाही. माझ्या राजाला डावभर एकदाही शह लागला नव्हता. मी त्याला घोड्याच्या चालीनं भिंतीपलीकडं टाकायला गेलो तर यंत्र घेईचना. टुंग टुंग वाजायला लागलं.

"काका, राजा एकच घर चालतो," राधाकिशन म्हणाला.

"शह लागला नसंल तर राजाला एकदा घोड्याची उडी आसती! दिंद्रुडपासून उमापूरपातूर कोनालाबी इचार. तुझा बापबी तसाच खेळायचा."

"आंतरराष्ट्रीय नियमात तसं न्हाई."

"मग आंतरराष्ट्रीय मानसाला बोलीव खेळायला. मी चाललो घरी."

मी खरोखर चप्पल घातली. राधाकिशन ओशाळला. मला थांबवून म्हणाला, "घालतो तुमची उडी." आपण पुस्तकातून शिकलो, त्यामुळं बापाचा नियमच यंत्राला द्यायचा राहिला, हे त्याला बहुतेक लागलं असावं. तो दिवसभर खपला. संध्याकाळी माझा अडलेला डाव पुन्हा लावला, आणि हळदी रंग प्याद्यांच्या भिंतीवरून टुणकन पलीकडं गेला. मी खूश झालो. चहा मी पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं यंत्र सुरू केलं. सवयीनं आधी गावाचाच पट उघडला, सवयीनं बटण दाबलं. प्रोग्राम तोच होता, त्यामुळं उडी आता त्या पटावरही होती, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

निळा आला. हळदी रंग पसरला. वेशीत दोघं भेटले. हळदी मागं सरकू लागला आणि देवळामागच्या कोपऱ्यात गावकुसावरून उडी मारून पलीकडं पडला. तिथून माळ चढून सडकेला लागला आणि पडद्याच्या कडेपर्यंत गेला.

मी आधी हसलो. "आरं, ती तर राजाची उडी. मानूस कसा घोड्यावानी भिंत टपून जाईल?"

राधाकिशन हसला नाही. "काका, गावकुसाला येवढ्या जागा हायत. उडी बाकी कुठंच का पडली न्हाई?"

त्यानं पट फिरवून फिरवून बघितला. बाकी सगळीकडं भिंतीच्या पलीकडं तोवर पाणी आलेलं होतं. पाण्यात राजा उडी घेत नाही. त्या एका कोपऱ्याबाहेर मात्र जमीन उंच होती, पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचलं होतं. आत गाव बुडत असताना भिंतीपलीकडची तेवढी जागा कोरडी होती.

त्याची मोटारसायकल काढून आम्ही गेलो. ऊन चढलं होतं, गावात चिटपाखरू नव्हतं, फक्त उंबऱ्यावर भिवराबाई. देवळामागं गेलो. तिथं गावकूस अजून माझ्या डोक्याएवढं उभं होतं. मी हातानं गाळ खरवडला. खाली विहिरीला असतात तसे तीन लांब दगड भिंतीतून बाहेर काढलेले होते, एकावर एक, तिरपे. मधोमध झिजून गुळगुळीत झालेले.

प्रोग्रामनं त्या पायऱ्या कधी पाहिल्या नव्हत्या. आम्हीही नाही.

मागं शिंपले कराकरा वाजले. भिवराबाई येऊन उभी होती. तिनं पदरानं वरचा दगड पुसला, जसा घरातला पाट पुसावा तसा.

"हितनंच जायचे रोज सकाळी, टमरेल घेऊन," ती म्हणाली. "वेशीकडनं लांब पडतं म्हनून. तुमी दोघं हितं काय बगाय लागलात?"

राधाकिशन खालच्या दगडावरचा गाळ काढत राहिला. तिनंच पुढं विचारलं, "त्या दिवशी ह्या अंगाला पानी व्हतं ना? मी वेशीकडच्या माळावर व्हते. मला चौफेर पानीच दिसत व्हतं. म्हनून म्हनलं, हितनं निगाया गावलं नसंल."

मी डोळ्यांनी त्याला खुणावलं, हो म्हण. पण ते पोर आयुष्यात कधी खोटं बोललं नव्हतं.

"न्हाई, माय. हितं पानी शेवटी आलं. गाव निम्मं बुडंस्तवर हितं कोरडं व्हतं."

ती दगडाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हिला आनंद होईल. मूर्ख मी. मी म्हणालो, "म्हंजे बाई, ते जिते आसतील! कुटंतरी आसतील. विधी कशाला करायचा आता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून माझ्या मानेवर बसलेली आहे.

"बुडालं आसंल मानूस, म्हनून मी बसले," ती म्हणाली. "बुडालेलं वर येतं कंदी कंदी. हे गाव आलं न्हाई का? पर जो आपल्या पायानं ह्या दगडावर चढला, त्याला माळावर उभी मी दिसली आसंल. कडंवर पोर व्हतं." मग लेकाला म्हणाली, "बबनकाकाला सांग, दिवस मोडू नगं म्हनावं."

मग ती घरी गेली. उंबऱ्यावर बसली नाही.

विधीच्या दिवशी पारावर शेपन्नास माणसं जमली. अशा जागी बाया येत नाहीत, भिवराबाई आली आणि कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही. गवताचा बाहुला केला, त्याला धोतर नेसवलं. राधाकिशननं अग्नी दिला. वारा नव्हता, तरी धूर सरळ वर न जाता देवळामागं वळला. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मी खाली बघितलं. जित्या माणसाचे दिवस घालतोय आपण, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. तो कुठल्या तरी गावात या घडीला भाकरी मोडत बसला असेल, आणि त्याला ठसका लागला असेल.

दुष्काळात कावळेही कमी झाले होते. पिंड ठेवला तेव्हा एकच कावळा होता, गावकुसावर, नेमका त्या कोपऱ्यात. तो बघत राहिला.

माणसं लांब सरकली. आत्मा कशात गुंतला असेल ते ओळखून बोलायची आपली रीत. बबनराव हात जोडून म्हणाला, "दादा, वैनीला मी सांभाळीन. काळजी करू नगंस." कावळा हलला नाही. "पोराचं लगीन मी लावून देतो, दादा. माजा शब्द हाय." कावळा हलला नाही. राधाकिशन पुढं झाला, घसा खाकरून म्हणाला, "आप्पा, तुमच्यावर माजा राग न्हाई." कावळ्यानं मान वाकडी केली, पण जागा सोडली नाही. सूर्य डोक्यावर आला. तापलेल्या गाळातून वाफ निघत होती. जोशीबुवा दर्भाचा कावळा करायला बसले, की तोच पिंडाला शिववून मोकळं व्हावं.

"थांबा," भिवराबाई म्हणाली.

ती पिंडापाशी गेली, वाकली नाही, हात जोडले नाहीत. कावळ्याकडं बघून, चुलीपाशी बसून नवऱ्याशी बोलावं तशा साध्या आवाजात बोलली.

"तुमाला कुनी हुडकायला येनार न्हाई. मीबी न्हाई, पोरगंबी न्हाई. जावा."

कावळा तिचं बोलणं संपायच्या आत खाली पिंडावर आला.